उसन्या कमानी

परकी वस्तू आपलीशी करून घेण्यास माझा विरोध नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. ज्या धर्माची मी सेवा करतो तो भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशात जन्माला आला. आपल्या वाडीतले पेरू, काजू, अननस, ताटातली मिरची आणि बटाटा हे सारे सातासमुद्रापलीकडून आले. पाव, पगार, चावी, बादली हे शब्द पोर्तुगिजांनी दिले आणि आपण ते इतके पचविले की अस्सल मराठीचा अभिमान मिरविणारालाही त्यांवाचून एक दिवस काढता येणार नाही. किनाऱ्यावरचा सुरू, ज्याच्या सावलीत वसईच्या पिढ्या खेळल्या, तो तरी मूळचा कुठे इथला? बाहेरून आलेली वस्तू इथला पाऊस पिते, इथल्या मातीत मूळ धरते, तेव्हा तिला परकी म्हणण्याचा करंटेपणा कुणी करू नये.

शिवाय भूमध्य समुद्राशी आपली ओळख कालपरवाची नाही. आज जिथे लोकल गाड्यांची गर्दी थांबते त्या नालासोपाऱ्यालगतचे सोपारा हे प्राचीन बंदर, आणि दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासाच्या पुस्तकात त्याचा नामोल्लेख आहे. पुढे १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. तेव्हा दक्षिण युरोपची वास्तुकला आपल्याला नवी दाखविण्याचे श्रेय आजच्या जाहिरातदारांनी घेऊ नये. तिचे भग्नावशेष आपल्या किल्ल्यात उभे आहेत आणि त्यांवर पिंपळ उगवले आहेत.

मग आक्षेप कशाला? गेल्या काही वर्षांत आपल्या पट्ट्यात 'मेडिटेरेनियन' हा शब्द फार ऐकू येऊ लागला आहे. इमारतींच्या जाहिरातफलकांवर तो असतो, रिसॉर्टच्या प्रवेशद्वारावर असतो, आणि आता सार्वजनिक जागांविषयीच्या बोलण्यातही तो शिरला आहे. किनारा 'सुशोभित' करायचा म्हणजे पांढऱ्या कमानी, निळे कठडे, मध्यभागी कारंजे, भोवती बाटलीच्या आकाराचे पाम, खाली पेव्हर ब्लॉक आणि संध्याकाळी पिवळे दिवे. तळे 'विकसित' करायचे म्हणजे काठाला ग्रीक खांब. आमच्या ओळखीतल्या एका सुशिक्षित, सज्जन तरुण वास्तुविशारदाने संगणकावर अशी काही चित्रे मला मोठ्या प्रेमाने दाखविली. चित्रे सुंदर होती. त्यांत ऊन होते, निळे आकाश होते, पांढरे कपडे घातलेली माणसे होती. पाऊस मात्र एकाही चित्रात नव्हता. मासळी सुकविणारी बाईही नव्हती.

"यातले एखादे जुलैतले आहे का रे?" मी विचारले.

"फादर, जुलैत तिथे कोण फिरायला येणार?" तो हसून म्हणाला.

हा सारा लेख त्या एका उत्तराविषयी आहे असे म्हटले तरी चालेल. जुलैत किनाऱ्यावर 'फिरायला' कुणी येत नाही हे खरे. पण म्हणून किनारा रिकामा असतो काय? जून-जुलैत मासेमारी बंद असते, आणि म्हणूनच त्या दिवसांत पाचूबंदरला, अर्नाळ्याला होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर झापांचे किंवा प्लास्टिकचे आच्छादन असते, बाजूला जाळी विणणारे हात असतात. पुढे पाऊस ओसरला की त्याच वाळूवर बांबूच्या दांड्यांना बोंबील टांगले जातात. हा किनारा वर्षभर कामावर असतो. ज्याला तो फिरण्यापुरताच दिसतो, त्याच्या चित्रात तो निम्माच उतरणार.

प्रथम हवामानाचे पाहू, कारण वास्तुकलेत थट्टा न सोसणारा परीक्षक तोच आहे. भूमध्य समुद्राच्या काठचा उन्हाळा कोरडा असतो. पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात, आणि तोही बेताचा. अथेन्सला वर्षभरात सुमारे ४०० मिलिमीटर, रोमला सुमारे ८०० मिलिमीटर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. रोमचा सबंध वर्षाचा पाऊस, आणि वर थोडा, एका दिवसात! ग्रीक बेटांवरच्या घराला सपाट धाबे शोभते, कारण तिथे पाण्याचे दुर्भिक्ष असते आणि धाब्यावर पडलेला थेंबन्थेंब खालच्या टाकीत उतरवायचा असतो. जाड भिंती आणि लहान खिडक्या तिथे सुखाच्या, कारण हवा कोरडी असते आणि भिंतीने साठविलेला रात्रीचा गारवा दिवसा पुरतो. आपल्या दमट हवेत घामेजलेल्या माणसाला भिंतीचा गारवा नव्हे, वाहता वारा हवा असतो; म्हणून आपली घरे पडव्यांची, ओट्यांची, उतरत्या कौलांची आणि रुंद वळचणींची झाली. पांढरा चुना तिथे ऊन परतवितो. इथे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कमानीला फासलेला पांढरा रंग पहिल्याच श्रावणात हिरवा पडतो आणि दुसऱ्या श्रावणात काळा. मग दर वर्षी रंगाचे कंत्राट निघते. कंत्राटदाराच्या दृष्टीने ती शैली अत्यंत टिकाऊ आहे, यात शंका नाही.

हवामानाइतकीच भरती-ओहोटी. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्यामुळे तिथे बहुतेक ठिकाणी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत हातभराचेही अंतर नसते. म्हणून तिथे पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि खाणावळीची टेबले लाटेपासून चार पावलांवर मांडता येतात. आपल्या समुद्राला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात साडेचार मीटरहून उंच भरती येते. आपला किनारा दिवसातून दोनदा रुंद होतो आणि दोनदा आक्रसतो. त्याच्यावर ठाम, पक्की, काँक्रीटची रेघ ओढणे म्हणजे समुद्राला आव्हान देणे. भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि जी वाळू आपल्याला पाहायची होती तीच नाहीशी होते. आधीच वाळूच्या उपशाने किनारा खंगला आहे आणि सुरूची झाडे मुळे उघडी टाकून आडवी होत आहेत. व्हेनिससारखे करायचे म्हणाल, तर जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी शिरून ते दिवसच्या दिवस हटले नाही, मिठागरांतली माणसे अडकून पडली, रेल्वे बंद पडली, तेव्हा आम्ही कोणत्याही विकासकाच्या मदतीवाचून व्हेनिस होऊन पाहिले आहे.

आता जे चित्रात उतरले नाही त्याच्याकडे वळतो. भूमध्य समुद्राकाठच्या गावांना जो चौक असतो, त्याची मोहिनी जगाला का पडली? कमानींमुळे नव्हे. सिएना शहरातला मोठा चौक पाहा. विटांचे नऊ पाकळ्यांसारखे भाग एका बाजूला उतरत जातात. चौदाव्या शतकात, नऊ प्रमुखांच्या शासनकाळात, त्याची फरसबंदी सुरू झाली आणि १३४९ साली पूर्ण झाली. तो उतार नुसता नजरेसाठी नाही. पडलेले पाणी त्या उतारावरून सर्वांत खालच्या कोपऱ्यातल्या मोरीकडे वाहते. त्या शहराने तेराव्या शतकातच चौकासमोरच्या घरांची दर्शनी बाजू कशी असावी याचे नियम केले होते. म्हणजे धनिकाने सार्वजनिक जागेला स्वतःची जागा समजू नये याची तजवीज आधी झाली, सौंदर्य मागाहून आले. अथेन्सच्या बाजारचौकात लांबच लांब स्तंभपंक्ती असत. त्यांच्या सावलीत व्यापारी, वादी-प्रतिवादी आणि रिकामटेकडे एकत्र उभे राहत. तत्त्वज्ञांचा एक सबंध पंथ अशाच एका स्तंभपंक्तीवरून 'स्टोइक' म्हणून ओळखला गेला. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात संत पौल त्याच चौकात रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांशी वाद घालताना भेटतात, आणि यरुशलेममध्ये पहिले श्रद्धावंत मंदिराच्या शलमोनाच्या देवडीत जमत. तिकीट काढून नव्हे.

रोममधल्या संत पेत्राच्या चौकाभोवती बर्निनीने १६५६ ते १६६७ या काळात २८४ खांबांची दुहेरी बाहू पसरली. वास्तुकलेचे विद्यार्थी तिचे मोजमाप घेतात, पर्यटक छायाचित्रे घेतात. पण तिच्या सावलीचा खरा उपयोग रोमच्या बेघरांना ठाऊक आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात तिथेच त्यांच्यासाठी न्हाणीघरे उघडण्यात आली आणि केस कापण्याची सोय झाली. ज्यांना आपल्या किनाऱ्यावर तसे खांब हवे आहेत त्यांना मी विचारतो: त्या खांबांच्या आड रात्री कुणी भिकारी झोपला, तर तुमच्या रखवालदाराला तुम्ही काय सांगून ठेवाल?

त्याच पोपनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात शहरांतल्या अशा हिरव्यागार, नीटनेटक्या वसाहतींविषयी लिहिले आहे, जिथे बाहेरच्याला शिरकाव नसतो. निसर्गसुंदर जागा मूठभरांसाठी राखल्या जातात आणि समाजाने टाकून दिलेली माणसे राहतात त्या भागांच्या वाट्याला मात्र तशी निगा येत नाही, अशी ती तक्रार आहे. परिपत्रकाची पारायणे आपण केली. ते आपल्याच वाडीच्या वेशीवर लागू पडते हे मात्र सहसा बोलत नाही.

महाराष्ट्राने हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्याच्या डोंगरांत, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा उभारली गेली. तिच्या दासवे येथील पाण्याकाठच्या रंगीत इमारतींची रांग इटलीतल्या पोर्तोफिनो या गावावरून बेतलेली आहे. गावाचे रूप तर आणले, पण कारभार कुणाचा? २००८ साली कंपनीलाच नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. जिचा नफा, तिच्याच हाती नियम. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला, २०१७ साली तो विशेष दर्जा रद्द झाला आणि २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. व्यवहाराचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मला त्यातली एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. पोर्तोफिनो हे मुळात कोळ्यांचे गाव. त्याचा तो सुप्रसिद्ध छोटा चौक बंदराच्या पाण्यापर्यंत उतरतो, जिथे होड्या असतात. म्हणजे सह्याद्रीतल्या लोकांच्या जमिनींवर इटलीतल्या कोळीवाड्याचे चित्र उभारले गेले. आणि आता खऱ्या समुद्राकाठी, खऱ्या कोळीवाड्यांच्या दारात, कोळ्यांच्या होड्या 'नजरेला खुपतात' म्हणून बाजूला सारून तेच चित्र लावण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. याला काय म्हणावे? ज्या बाईच्या टोपलीचा वास नको आहे, तिच्याच युरोपातल्या बहिणीचे घर आपण भिंतीवर रंगविणार!

भूमध्य समुद्राकाठून खरोखरीच काही आणायचे असेल, तर ते मी सांगतो. ते दगडाचे नाही, शब्दांचे आहे. सम्राट जस्टिनियन याने इसवी सन ५३३ मध्ये रोमन कायद्याचे जे पाठ्यपुस्तक सिद्ध करविले, त्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभीच असे तत्त्व आहे की, हवा, वाहते पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा किनारा हे निसर्गनियमाने सर्वांचे आहेत. कुणालाही किनाऱ्यावर जाण्यास मज्जाव करता येत नाही. किनारा म्हणजे कुठपर्यंत, हेही त्यात आहे: हिवाळ्यातली सर्वांत मोठी लाट जिथवर पोहोचते तिथवर. त्यांच्याकडे वादळे हिवाळ्यात, म्हणून हिवाळ्याची लाट. आपल्याकडे ती आषाढाची धरावी. पुढे तर असे म्हटले आहे की, किनाऱ्यावर कुणालाही आसऱ्यासाठी झोपडी उभारता येते, समुद्रातून जाळी ओढून आणता येतात आणि ती तिथे वाळविता येतात. सेमिनरीच्या ग्रंथालयात मी हे प्रथम वाचले, तेव्हा लॅटिनपेक्षा अर्थाने थबकलो. जाळी वाळविणे हा किनाऱ्याचा गैरवापर नसून किनाऱ्याचा हक्क आहे, असे पंधराशे वर्षांपूर्वी एका सम्राटाच्या कायदेपंडितांनी लिहून ठेवले होते.

हे जुन्या पोथीतले पुराण नव्हे. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठी एका पर्यटकगृहासाठी दिलेल्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी नेमका हाच रोमन विचार आधाराला घेतला. नदी, किनारा, हवा यांचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव खासगी लाभासाठी हवाली करायची नसते, हे तत्त्व त्या निकालाने भारतीय कायद्यात रुजविले. १९९१ साली किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना निघाली, २०११ आणि २०१९ साली ती बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर अडसर थोडा थोडा सैल होत गेला. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवरचा बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आला. कायद्याची भिंत अशी मागे सरकत असताना पांढऱ्या भिंती पुढे सरकणारच.

ज्यांची नक्कल करायची ती माणसे आज काय करीत आहेत, तेही पाहण्यासारखे आहे. इटलीच्या किनाऱ्याचे लांबच लांब पट्टे वर्षानुवर्षे खासगी परवानेदारांच्या छत्र्या-खुर्च्यांखाली गेले आहेत. तिथे अंग पसरायचे तर भाडे द्यावे लागते. या परवान्यांवरून युरोपीय संघ आणि इटलीचे सरकार यांच्यात दीर्घकाळ झगडा चालत आला आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात ग्रीसच्या पारोस बेटावरचे रहिवासी हातात टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले. आम्हाला आमची वाळू परत द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. भाड्याच्या खुर्च्यांनी सारा किनारा गिळला होता. ते आंदोलन टॉवेलांचे आंदोलन म्हणून इतर बेटांवरही पसरले. आपल्याला ज्या खुर्च्या हव्याशा वाटतात त्या हटविण्यासाठी मूळ गावचे लोक रस्त्यावर येत आहेत!

"मग काय, फादर, आम्ही कचऱ्यात आणि चिखलातच बसावे काय?" हा प्रश्न मला विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत वाढलेल्या मुलाला संध्याकाळी बसायला जागा हवी. म्हाताऱ्यांना न ठेचकाळता चालता यावे, बायकांना अंधाराची भीती वाटू नये, शौचालय असावे आणि ते स्वच्छ असावे. यांतली एकही मागणी मी क्षुल्लक मानीत नाही. २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली, तेव्हापासून माणसे लोंढ्याने येत राहिली आणि बसायची जागा आटत गेली. पण नीट पाहा: सावली, दिवा, शौचालय, सपाट वाट, यांपैकी कशालाही ग्रीक खांब लागत नाही. खांब लागतो तो छायाचित्राला, आणि छायाचित्र लागते ते सदनिकेचा भाव वाढवायला.

बसायची जागा कशी असावी हे आपल्या लोकांना ठाऊक नव्हते, असेही नाही. गोव्यातल्या जुन्या घरांचा बलकाव आठवा: रस्त्याकडे तोंड केलेल्या चार पायऱ्या, दोन्ही बाजूंना बसायचे सोपे, वर कौलांचे छप्पर. युरोपचा चौक पावसाला भेटला तेव्हा त्याने छप्पर घेतले, आणि मालकाने घर आणि रस्ता यांच्या मधली जागा बोलण्यासाठी मोकळी ठेवली. चार्ल्स कोरिया यांनी पणजीला मांडवीकाठी कला अकादमीची वास्तू रचली, तीही याच जातीची. रस्त्यावरचा माणूस मंडपाखालून सरळ आत येतो, सावलीत बसतो आणि नदीपाशी पोहोचतो. ही खरी देवघेव. तिच्यात कुणाचे चित्र उसने घेतलेले नाही.

आणि वसईत? आपली बावखले. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतले, पावसाचे पाणी धरून ठेवणारे तळे. त्यावर रहाट चालत, केळी-पानवेली शिंपल्या जात, गुरे पाणी पीत, कपडे धुतले जात. जमिनीच्या पोटात गोडे पाणी मुरवून समुद्राचे खारे पाणी विहिरींपासून दूर लोटण्याचे काम बावखले मुकाट्याने करीत होती. पुराच्या दिवसांत पाण्याला थांबायला जागा त्यांच्यापाशीच होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काठावर माणसे भेटत. सुखार गावच्या विहिरीवर येशूला शोमरोनी स्त्री भेटली ती उगाच नव्हे. पाण्याची जागा हीच जगभर पहिली सार्वजनिक जागा असते. बावखले बुजली, त्यांवर इमारती आल्या. टँकरने पाणी उपसून शहराला विकले गेले आणि विहिरी खारटल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि असंख्य साधी माणसे रस्त्यावर आली, तेव्हा प्रश्न हाच होता. उरलेल्या बावखलांवर आता 'सुशोभीकरणा'ची छाया आहे. काठ आणि तळ काँक्रीटने बांधले की पाणी मुरणे थांबते. मग ते बावखल उरत नाही, हौद होतो. मध्ये कारंजे बसविले की हौदाला विजेचे बिल येते.

या प्रकरणात आम्हा धर्मगुरूंनाही झाकून चालणार नाही. आपल्या चर्चची पटांगणे ही वसईतली मोठी मोकळी जागा. सणाला तिथे बँड वाजे, मुले चेंडू खेळत, मिस्सेनंतर भाजीपाल्याच्या भावापासून लग्नापर्यंतची बोलणी चिंचेखाली होत. त्या चिंचा किती ठिकाणी उरल्या? मोटारी उभ्या करता याव्यात म्हणून पटांगणात पेव्हर ब्लॉक आले, चिखल नको म्हणून माती झाकली, फाटकाला कुलूप आले आणि कडेला लुर्द मातेच्या गुंफेला प्लास्टरचे इटालियन खांब. एप्रिलच्या दुपारी त्या फरशीवर अनवाणी उभे राहता येत नाही. महानगरपालिकेला उपदेश करण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या पटांगणातले निम्मे ब्लॉक उचलावेत आणि तिथे सावलीचे झाड लावावे. पाम नव्हे, सावलीचे. वेशीवरच्या क्रूसाभोवती संगमरवर लावण्यापेक्षा दोन माणसांना बसता येईल असा दगडी कट्टा बांधावा. मे महिन्यात जपमाळेला येणाऱ्या म्हाताऱ्या उभ्याने किती वेळ प्रार्थना करतील?

किनाऱ्याच्या बाबतीत मात्र आपल्याला मागावेच लागेल. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती घेण्याची मुदत ठरलेली असते आणि ती बहुधा आपल्या लक्षात येण्यापूर्वीच सरते. किनाऱ्याच्या कोणत्याही सुशोभीकरणाचा नकाशा पुढे आला की त्यावर आषाढातल्या उधाणाची रेषा काढून मागावी, आणि त्या रेषेच्या आत पक्के काही बांधू देऊ नये. होड्या ओढण्याची, जाळी आणि मासळी वाळविण्याची जागा त्या नकाशात आधी आखावी. बाके आणि दिवे उरलेल्या जागेत. रात्री दहानंतर फाटकाची किल्ली कुणाकडे राहणार हे लेखी विचारावे, आणि फाटकच असेल तर ते का, हेही. कोळी मंडळींना सभेला 'लाभार्थी' म्हणून मागच्या रांगेत बसविले जाते. या सभा पाचूबंदरला आणि अर्नाळ्याला, होड्यांच्या आडोशाला घ्याव्यात.

बावखलांची यादी आपली आपणच करावी. सातबारा तलाठी कार्यालयात मिळतो, जुने नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात पाहता येतात, आणि बुजलेल्या बावखलांचीसुद्धा नावे वाडीवाडीतल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहेत. महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलांनी वह्या घेऊन त्यांच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत गेले, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती यादी प्रत्येक चर्चच्या आणि कोळीवाड्याच्या फलकावर लागू शकेल.